आल्चीच्या भिंती आणि मोनांचे नगारे

हिमालयापलीकडील बौद्ध कलेविषयी मराठीत जे लेखन होते, त्यात भक्तिभाव पुष्कळ आणि चिकित्सा थोडी असते. याचे कारण समजण्यासारखे आहे. १९५६ साली ज्यांनी धम्माचा स्वीकार केला त्यांच्या भोवतालच्या भूमीतून धम्म शतकानुशतके नाहीसा झालेला होता. लेणी होती, पण ती ओस होती. त्यांची नावेही कोणी पांडवांवर, कोणी आणखी कोणावर घातलेली होती. अशा माणसाने लडाखला जावे, सिंधूच्या काठाने वाटेवर ओळीने उभे असलेले स्तूप पाहावेत, खेड्याच्या वरच्या कड्यावर गोन्पा पाहावा आणि येथे धम्माची परंपरा कधी तुटलीच नाही हे ऐकून त्याचे डोळे भरून यावेत, यात नवल नाही. आमचेही भरून आले होते. परंतु डोळे भरून आले असताना नीट दिसत नाही, हेही तितकेच खरे. प्रस्तुत लेखात आम्हांला लडाखच्या कलेकडे कोरड्या डोळ्यांनी पाहावयाचे आहे.

प्रथम आल्चीविषयी. लेहच्या पश्चिमेस सिंधूच्या काठी असलेला हा विहारसमूह कड्यावर नाही, सपाट जागी, जर्दाळूच्या झाडांत आहे. बाहेरून मातीची साधी घरे वाटावीत अशी त्याची मंदिरे आहेत. त्यांतील दुखांग म्हणजे सभागृह हे जुने, आणि सुमत्सेक म्हणजे तीन मजली मंदिर हे कलादृष्ट्या सर्वांत श्रीमंत. लोकपरंपरा हे सारे महान अनुवादक रिन्चेन झांगपो (९५८–१०५५) यांच्या नावावर घालते. शिलालेख मात्र वेगळे सांगतात. दुखांगचा दाता कल्देन शेरब आणि सुमत्सेकचा दाता त्सुल्ट्रिम ओ ही नावे भिंतींवर लिहिलेली आहेत. डेव्हिड स्नेलग्रोव्ह आणि ताद्यूश स्कोरुप्स्की यांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या वास्तूंचा काळ अकराव्या-बाराव्या शतकाच्या आसपास मानला. पुढे रॉजर गोएपर यांनी सुमत्सेकच्या तिसऱ्या मजल्यावरील गुरुपरंपरेच्या चित्राकडे लक्ष वेधले. ती परंपरा ड्रिगुंग संप्रदायाच्या संस्थापकापर्यंत येऊन थांबते, आणि तो संस्थापक ११४३ ते १२१७ या काळातला. तेव्हा सुमत्सेक इ. स. १२०० च्या सुमाराचे ठरते. आम्हांला गोएपर यांचा युक्तिवाद पटतो. भिंतीवर जो माणूस चित्रित आहे त्याच्या आधी ती भिंत रंगविली गेली असे म्हणता येत नाही. इतके साधे ते आहे. रिन्चेन झांगपोंचे मोठेपण यामुळे काही कमी होत नाही. मात्र 'लोक म्हणतात' आणि 'भिंत म्हणते' यांत फरक पडला तर भिंतीचे ऐकावे, ही सवय आपणांस लावून घ्यावी लागेल. पुढील विवेचनातही आम्ही तेच करणार आहोत.

सुमत्सेकच्या आत शिरल्यावर पहिली काही मिनिटे काहीच दिसत नाही. दार लहान, प्रकाश थोडा. मग तीन बाजूंच्या कोनाड्यांत उभ्या असलेल्या तीन प्रचंड मूर्तींचे पाय आणि कमरेखालील वस्त्रे हळूहळू उजेडात येतात. डावीकडे अवलोकितेश्वर, समोर मैत्रेय, उजवीकडे मंजुश्री. प्रत्येकाची उंची चार मीटरांच्या आसपास वा त्याहून अधिक, त्यामुळे त्यांची मस्तके वरच्या मजल्यात गेलेली. खाली उभ्या असलेल्या माणसाला संपूर्ण मूर्ती एका दृष्टिक्षेपात दिसतच नाही. त्याच्या डोळ्यांसमोर येते ते धोतर, आणि चित्रकारांनी आपले सारे सामर्थ्य ओतले आहे तेही या धोतरांवरच. अवलोकितेश्वराच्या वस्त्रावर प्रासाद, देवळे आणि घोडेस्वार आहेत. ती काश्मीरमधील त्या वेळच्या वास्तूंची चित्रे असावीत असे अनेकांचे मत आहे. मैत्रेयाच्या वस्त्रावर तांबड्या भूमीवर वर्तुळांतून भगवान बुद्धांचे चरित्र रेखाटलेले आहे. आणि मंजुश्रीच्या वस्त्रावर चौऱ्याऐंशी सिद्ध आहेत.

या तिसऱ्या वस्त्रापाशी आम्ही सर्वांत अधिक वेळ थांबलो. रेषा बारीक, अंगे लवचीक, प्रत्येक सिद्धाची बैठक वेगळी. कोणी झाडाखाली, कोणी स्त्रीसह, कोणी एकटा. हे हात काश्मिरी परंपरेतल्या चित्रकारांचे असावेत असे शैलीवरून मानले जाते. त्याच काश्मीरमध्ये पुढे या कलेचा मागमूस उरला नाही. आल्चीचे हे वैभव टिकले त्याचेही एक गमतीचे कारण आहे. मध्यंतरी या मंदिरांकडे लोकांचे लक्ष कमी झाले, म्हणून ती पुन्हा पुन्हा रंगविली गेली नाहीत. (उपेक्षेने एखादी गोष्ट वाचते, हा अनुभव महाराष्ट्रातील लेण्यांच्या बाबतीतही आपणांस आहे.) आज या मंदिरांची देखभाल लिकिर मठाचे भिक्षू करतात.

या चित्रांचे कौतुक करणारी पुस्तके थोडी नाहीत. १९७४ साली लडाख बाहेरच्या प्रवाशांना खुले झाले. त्यानंतर प्रतापादित्य पाल यांचा आल्चीच्या भित्तिचित्रांवरील ग्रंथ १९८२ साली आला, गोएपर आणि छायाचित्रकार यारोस्लाव पोंचार यांचा भव्य ग्रंथ १९९६ साली आला. या ग्रंथांचे ऋण आम्ही मान्य करतो. त्यांच्यावाचून आमच्यासारख्याला या चित्रांतील निम्मे दिसलेही नसते. परंतु चौऱ्याऐंशी सिद्धांपाशी या प्रकारच्या लेखनाची जिज्ञासा रंग, रेषा आणि संप्रदाय यांच्यापुढे सहसा जात नाही. हे सिद्ध होते कोण, हा प्रश्न आपल्या वाचकाने विचारल्यावाचून राहू नये.

अभयदत्ताच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या चरित्रसंग्रहात याचे उत्तर आहे. चमारिपा हा चर्मकार. तंतिपा हा विणकर. कंपरिपा हा लोहार. कुंभरिपा कुंभार, मीनपा कोळी, आणि धोबी म्हणून ओळखला जाणाराही एक. राजे आणि ब्राह्मण या यादीत आहेत, नाहीत असे नाही. पण ते चांभारासोबत एकाच ओळीत बसलेले आहेत आणि त्यांच्यापैकी कित्येकांना ज्ञान मिळाले ते खालच्या मानल्या गेलेल्या माणसाच्या हातून. मराठी वाचकाला नाथपंथाच्या कथांमुळे यांतील मत्स्येंद्र आणि गोरक्ष ही नावे परिचित आहेत. भारतात वर्णव्यवस्था पुन्हा घट्ट होत असताना, तिला धुडकावणाऱ्या माणसांचा हा मेळा होता. त्यांच्या चरित्रांतील चमत्कार बाजूला ठेवले तरी ही एक सामाजिक साक्ष म्हणून उरते. तेव्हा सुमत्सेकमध्ये प्रज्ञेचे प्रतीक असलेला मंजुश्री लोहाराची, चांभाराची, विणकराची परंपरा अंगावर वस्त्र म्हणून नेसून उभा आहे. बौद्ध कलेत याहून अर्थपूर्ण वस्त्र आमच्या पाहण्यात नाही.

आणि आता मंदिराबाहेर या. लडाखच्या खेड्यात लोहाराला 'गरा' म्हणतात. सण, लग्न किंवा मेजवानी असली म्हणजे लोक ओळीने बसतात. या ओळीला 'ड्रल' म्हणतात. आपण पंगत म्हणू. पंगतीच्या अग्रभागी रिनपोछे, भिक्षू, मग राजकुळातील व उमराव घराण्यांतील मंडळी, मग वयाच्या आणि प्रतिष्ठेच्या क्रमाने शेतकरी. मान जसा वाढेल तसे आसन आणि पुढ्यातील लाकडी मेज उंच. या ओळीच्या अगदी शेवटी, दाराच्या बाजूला, तिघांची जागा ठरलेली असे: गरा म्हणजे लोहार, मोन म्हणजे वादक आणि काही ठिकाणी सुतारही, आणि बेडा म्हणजे डफ घेऊन गावोगाव हिंडणारे गायक-वादक. या तिघांना हीन कुळाचे म्हणत. त्यांच्याशी रोटीबेटीव्यवहार नाही, त्यांचा पेला वेगळा. जुन्या काळी त्यांच्या मुलांना मठात प्रवेश नव्हता, असे अभ्यासकांच्या नोंदी सांगतात.

येथे घाईने हात आखडते घेणारे पुष्कळ भेटतात. लडाखमध्ये मनुस्मृती नाही, ब्राह्मण नाही, तेथे जात कशी असेल, असे ते म्हणतात. लडाखातील उच्चनीचता आपल्याकडील अस्पृश्यतेइतकी क्रूर होती असे आम्हीही म्हणत नाही. संख्येने हे लोक फार थोडे आहेत, आणि त्यांची वस्ती गावाबाहेर काढणे, त्यांच्यावर सामुदायिक हल्ले करणे असा आपल्याकडचा इतिहास तेथे आपल्या नजरेस येत नाही. परंतु डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपणांस जात ओळखण्याची खूण शिकविली ती हिंसेच्या मोजमापाची नव्हे, श्रेणीबद्ध विषमतेची. कोणी कोठे बसावे, कोणाच्या हातचे खावे, कोणाशी लग्न करावे आणि कोणते काम कोणी बापाकडून मुलाकडे न्यावे, हे जन्माने ठरत असेल तर त्याला दुसरे नाव आम्हांला माहीत नाही. एक शब्द तर फारच बोलका आहे. विधीच्या दृष्टीने जो विटाळ होतो त्याला तिबेटी भाषेत 'ग्रिब' म्हणतात, आणि ग्रिब या शब्दाचा मूळ अर्थ सावली. पेशवाईत ज्यांच्या सावलीचा विटाळ होत असे त्यांच्या वंशजांना हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही.

मोनांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण लडाखचे संगीत म्हणून जे ऐकू येते त्याचा फार मोठा भाग त्यांच्या हातांतला आणि श्वासातला आहे. 'दमन' ही नगाऱ्यांची जोडी असते. दोन काठ्यांनी वाजवितात. (मराठी कानाला या शब्दात दुसराच अर्थ ऐकू येईल, तो योगायोग आहे, पण विसरता येत नाही असा योगायोग आहे.) तिच्या सोबत 'सुरना', म्हणजे आपल्या सनईचे भावंड. ही दोन वाद्ये वाजल्यावाचून नववर्षाचा लोसर सण नाही, लग्न नाही, तिरंदाजीचा उत्सव नाही, पोलोचा खेळ नाही. रिनपोछे गावात आले तर त्यांचे स्वागत यांनीच व्हावयाचे. मानमरातबाप्रमाणे चाली ठरलेल्या असतात; कोण येत आहे हे जाणत्या माणसाला न पाहता नुसत्या नगाऱ्यावरून कळावे. देवतांसाठी जे वादन होते त्याला 'ल्हा-ङा', म्हणजे देवांचा नगारा, असे नाव आहे. राजवाड्याचे जे मोन होते त्यांना 'खरमोन' म्हणत. सेंगे नामग्यालने सतराव्या शतकात बांधलेल्या लेहच्या नऊ मजली राजवाड्याच्या छतावरून त्यांचे नगारे वाजत. परंपरा असे सांगते की सेंगेची आई ग्याल खातून ही बाल्टिस्तानची मुसलमान राजकन्या लग्न होऊन आली तेव्हा हे वादक तिच्यासोबत आले. राजा गेला, १८३४ पासूनच्या डोग्रा स्वाऱ्यांनी राज्य गेले, वादक राहिले. पंगतीतील त्यांची जागाही तीच राहिली.

देवांना ज्याचा नगारा चालतो त्याचा पेला माणसांना चालत नाही, ही विसंगती केवळ लडाखची नाही. सनईवाल्याला देवळाच्या नगारखान्यात जागा आणि गाभाऱ्यात मज्जाव, हे आपण पाहिलेले आहे. परंतु बौद्ध समाजात ती अधिक खटकते.

ती किती खोल आहे हे मठातील छम नृत्य पाहताना लक्षात येते. हेमिसचा उत्सव पाचव्या तिबेटी महिन्यात, पद्मसंभवाच्या नावाने, दोन दिवस चालतो. मुखवटे, रेशमी झगे, अंगणात मंद गतीने फिरणाऱ्या आकृती. या नृत्याच्या सौंदर्याबद्दल आम्हांला शंका नाही. त्यातील वेळ मात्र नाटकाच्या वेळेसारखा नाही. एक पाऊल उचलून ठेवण्यात जो विलंब आहे तो सहन करण्यास प्रेक्षकाने शिकावे लागते. काळ्या टोप्यांच्या नृत्याचा संबंध ८४२ साली धर्मविरोधी राजा लांगदर्म याचा वध करणाऱ्या भिक्षूच्या आख्यायिकेशी जोडला जातो. पाणातिपाता वेरमणी म्हणणाऱ्या परंपरेने हत्येचे हे स्मरण इतक्या शोभेने करावे, याबद्दल आमच्या मनात जी अस्वस्थता आहे ती येथे नोंदवून ठेवतो. त्या पुतळीचे खंडन म्हणजे अहंकाराचे खंडन, असा अर्थ दिला जातो. तो सुंदर आहे, पण तो नंतर लावलेला अर्थ आहे की मूळचा, हा वाद येथे वाढवीत नाही.

आमचे लक्ष वेगळ्या गोष्टीकडे गेले. छमच्या वाद्यवृंदात भिक्षू 'ग्यालिंग' वाजवितात. लाकडी नळी, धातूचे रुंद तोंड, दुपदरी जिभळीतून फुंकर. ही सनईच आहे. सुरनेची सख्खी बहीण. भिक्षूच्या ओठांवर असली की ती पवित्र, मोनाच्या ओठांवर असली की मोन हीन. श्वास तोच, बोटे तीच, आवाजाचे कुळही तेच. यावरून एक निष्कर्ष टाळता येत नाही: हीनता वाद्यात नाही, वादनात नाही, चामड्यात किंवा थुंकीत नाही. ती माणसावर आधी लादली गेली आणि मग तिचे कारण म्हणून वाद्य पुढे करण्यात आले. 'मोन वाजवतात म्हणून खालचे' हे उत्तर आम्ही अनेकांकडून ऐकले. ग्यालिंग वाजविणारा भिक्षू समोर बसलेला असताना हे उत्तर टिकत नाही.

धम्माच्या मूळ ग्रंथांत कलेविषयी काय म्हटले आहे, ते या संदर्भात पाहण्यासारखे आहे. तथागतांनी नृत्य, गीत, वादित यांपासून दूर राहण्याचा नियम श्रामणेरांना दिला. सिगालोवाद सुत्तात तमाशांच्या नादाचे दोष गृहस्थालाही सांगितले. संयुत्त निकायात तालपुट नावाचा नटांचा प्रमुख भगवंतांकडे येतो आणि विचारतो की लोकांना हसविणारा नट मेल्यावर हसऱ्या देवांच्या लोकात जातो हे खरे का. भगवंत दोनदा उत्तर देण्याचे टाळतात. तिसऱ्यांदा विचारल्यावर मात्र सांगतात की असे नाही. राग, द्वेष, मोह वाढविणाऱ्याची गती तशी नाही. तालपुट रडतो. आपल्या पूर्वीच्या गुरूंनी आपणांस फसविले म्हणून रडतो. आणि त्यानंतर काय होते? त्याला संघात प्रवेश मिळतो, तो अर्हत होतो, आणि थेरगाथेत त्याच्या गाथा आजही आहेत. दुसरीकडे सक्कपञ्ह सुत्तात पंचशिख गंधर्व वीणेवर गातो तेव्हा तंतूंचा स्वर आणि गीताचा स्वर एकमेकांत चांगले मिळाले, अशी दादही भगवंत देतात. बुद्धांनी कलेवर शंका घेतली, परंतु कलावंताला आत घेतले. लडाखच्या मठसंस्थेने उलट केले: कला आत घेतली, कलावंताला दाराबाहेर ठेवले. उपाली न्हाव्याला शाक्य कुमारांच्या आधी दीक्षा मिळावी, म्हणजे त्यांना त्याच्यापुढे नतमस्तक व्हावे लागेल आणि कुळाचा ताठा उतरेल, ही विनयातील कथा प्रत्येक गोन्पाच्या ग्रंथालयात आहेच. ग्रंथ पाठ असणे आणि ग्रंथ लागू असणे यांत अंतर पडू शकते, आणि हे अंतर केवळ लडाखात पडते असे समजून आपण समाधान मानू नये. काठमांडूच्या खोऱ्यातील नेवार बौद्धांत विहाराचे सभासदत्व वज्राचार्य आणि शाक्य कुळांत जन्माने चालत आले आहे. याच काठमांडूत नोव्हेंबर १९५६ मध्ये बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी गेले होते.

मोनांच्या उत्पत्तीविषयी एक मत येथे नोंदविले पाहिजे. मोरेव्हियन मिशनचे पंडित ए. एच. फ्रांके यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लडाखच्या प्राचीन अवशेषांची पाहणी केली. कित्येक जुने पडके किल्ले आणि वस्त्या लोक मोनांच्या म्हणून दाखवितात, हे त्यांच्या लक्षात आले. त्यावरून त्यांनी असे मांडले की मोन हे भारताच्या बाजूने आलेले आद्य बौद्ध रहिवासी असावेत, तिबेटी भाषिकांच्या आधीचे. 'द अनटचेबल्स' (१९४८) वाचलेल्या वाचकाला हे वाचताच काही आठवेल: पराभूत बौद्ध जनांना गावाच्या टोकाला ढकलले गेले, हा बाबासाहेबांचा सिद्धान्त. साम्य विलक्षण आहे. तरीसुद्धा आम्ही येथे सावध राहू इच्छितो. 'मोन' हा शब्द तिबेटी लोक दक्षिणेकडील अनेक निरनिराळ्या जमातींना लावीत आले आहेत. पडक्या किल्ल्याचे लोकांनी सांगितलेले नाव हा इतिहासाचा पुरावा पुरेसा नाही. आणि खरमोन बाल्टिस्तानातून आले ही परंपरा या मताशी जुळत नाही. आल्चीच्या बाबतीत आम्ही लोककथेपेक्षा भिंतीला मान दिला. येथे भिंत बोलत नाही. एक मात्र खरे. फ्रांके यांचे मत उद्या सिद्ध झाले किंवा खोटे ठरले तरी मोनाच्या पंगतीतील जागेचा न्याय त्यावर अवलंबून नाही. आद्य बौद्ध होते म्हणून त्यांना मान द्यावा, आणि नसतील तर देऊ नये, असा युक्तिवाद करणे म्हणजे पुन्हा कुळाकडेच जाणे होय.

शासनाने या प्रश्नाची जी मांडणी केली तीही तपासण्यासारखी आहे. १९८९ साली जम्मू-काश्मीरसाठी अनुसूचित जमातींचा जो आदेश निघाला त्यात बाल्टी, बेडा, बोट, ब्रोकपा, चांगपा, गरा, मोन आणि पुरिगपा अशा आठ जमाती आल्या. शिक्षण आणि नोकरीच्या दृष्टीने याचा लाभ झाला असेल, त्याला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. परंतु एकाच खेड्यातील पंगतीच्या वरच्या टोकाचा बोट आणि खालच्या टोकाचा मोन शेजारीशेजारी दोन 'जमाती' म्हणून नोंदले गेले, आणि त्यांच्यामधील उतरंड कागदावरून नाहीशी झाली. जे नाते वरखाली होते ते आडवे दाखविले गेले. ३१ ऑक्टोबर २०१९ रोजी लडाख केंद्रशासित प्रदेश झाला, त्यानंतर तेथील संस्कृतीच्या संरक्षणाची चर्चा मोठ्या आवाजात होऊ लागली आहे. संस्कृती म्हणजे कोणाची, हा प्रश्न त्या चर्चेत क्वचितच येतो. युनेस्कोने २०१२ साली लडाखच्या बौद्ध सुत्तपठणाचा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. आम्हांला त्याचा आनंद आहे. भिक्षूंचा घोष त्या यादीत आहे. दमन आणि सुरना नाहीत.

याच सुमारास दुसरा एक सूर ऐकू येतो, तो खंतीचा. मोनांची तरुण मुले नगारा हाती धरण्यास तयार नाहीत, त्यांना शिकून नोकरी करावयाची आहे, आणि म्हणून एक प्राचीन कला लोप पावत आहे, असे कलाप्रेमी लिहितात. या खंतीतील सच्चेपणा आम्ही नाकारीत नाही. चाली खरोखरच हरवत असतील, आणि एकदा गेलेली चाल परत येत नाही. पण आम्हांला हा सूर ओळखीचा वाटतो. गावकीची कामे सोडा, मेलेली जनावरे ओढू नका असे बाबासाहेबांनी सांगितले, १९२८ साली वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात आणले, तेव्हाही गावगाडा मोडेल म्हणून हळहळणारे होतेच. हलगी आणि डफडे ज्यांच्या गळ्यात जातीने अडकविले होते त्यांनी ते उतरविले तेव्हा कोणती लय हरवली याचा हिशेब कोणी केला नाही, आणि उतरविणाऱ्यांनी तो करावा अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे होते. मोनाच्या मुलाने दमन खाली ठेवले तर तो त्याचा अधिकार आहे. कलेच्या नावाने त्याला पंगतीच्या टोकाला बसवून ठेवण्याचा अधिकार कोणाला नाही. लडाखी उमरावाला नाही, दिल्लीच्या अकादमीला नाही, आणि स्तूप पाहून डोळे भरून येणाऱ्या आम्हांलाही नाही.

मात्र एवढ्यावर थांबणे आमच्याच इतिहासाशी प्रतारणा करणारे ठरेल. आपल्या लोकांनी गावकीचे वाजविणे सोडले, पण गाणे सोडले नाही. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांचे सहकारी आंबेडकरी जलसा घेऊन गावोगाव फिरले; तमाशाचा बाज घेतला, गण-गवळण काढून टाकली, वगाच्या जागी समतेचा प्रश्न ठेवला. पुढे वामनदादा कर्डकांनी (१९२२–२००४) आयुष्यभर तेच केले. वाद्य तेच राहिले; कोणासाठी वाजवावयाचे आणि कोठे उभे राहून वाजवावयाचे, एवढे बदलले. असे काही मोनांच्या हातून घडेल की नाही, हे आम्ही येथे महाराष्ट्रात बसून ठरवू शकत नाही. ते संख्येने अगदी थोडे आहेत आणि त्यांना अद्याप त्यांचा जलसा नाही. एक छोटी गोष्ट मात्र दिसते. १९७१ साली लेहला आकाशवाणी केंद्र सुरू झाले. रेडिओवर सुरना ऐकणाऱ्याला वादक पंगतीत कोठे बसतो ते दिसत नाही. त्याला फक्त सुरना ऐकू येते.

लडाखमध्ये आमच्या मुक्कामात एका खेड्यात तिरंदाजीचा उत्सव चालू होता. बाण लागला की दमन वाजे, चुकला की थांबे, आणि मधल्या वेळात सुरना एकटीच लांब तान घेई. दोन वादक होते, एक म्हातारा आणि एक मध्यम वयाचा. ते मैदानाच्या कडेला, सतरंजी जेथे संपत होती त्याच्या पलीकडे बसले होते. चहा फिरला तेव्हा आम्ही उठून त्यांच्याजवळ जाऊन बसलो. आमच्या यजमानांना ते अवघड वाटले असावे, कारण त्यांनी आम्हांला दोनदा वर येऊन बसण्याचा आग्रह केला. म्हाताऱ्याने आमच्याकडे पाहिले, काही बोलला नाही. आम्ही कोठून आलो ते त्याने दुभाष्याकडून विचारून घेतले, आम्ही बौद्ध आहोत हे ऐकून मान हलविली, आणि मग आपल्या खिशातून स्वतःचा पेला काढून तो पुसू लागला. तेवढ्यात बाण लागला आणि त्याने पेला खाली ठेवून काठ्या उचलल्या.